दीड मिलिमीटरचा प्रश्न

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार मी आठ महिन्यांत कपाटावर चढवली. कारण एकच, 'एफ' कॉर्ड वाजत नव्हता. ज्यांनी कधी गिटार शिकायला घेतली असेल त्यांना हा घाट माहीत आहे: तर्जनी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपाशी, सहाही तारांवर आडवी दाबायची आणि उरलेल्या बोटांनी पुढचे सूर धरायचे. माझ्या हातून सहापैकी दोन तारा बोलायच्या, बाकीच्या नुसत्या थपथप करायच्या. सर म्हणायचे, "हात तयार व्हायला वेळ लागतो." मी वेळ दिला. बोटांना घट्टे पडले, एफ काही बोलला नाही. आमच्या घराण्यातच सूर नाही अशी समजूत करून घेऊन मी मोकळा झालो.

तीनेक वर्षांनी शेजारच्यांच्या तंबोऱ्याची जवारी काढायला एक काका आले होते. चहाला आमच्याकडे बसले असताना त्यांची नजर कपाटावर गेली. गिटार खाली काढायला लावली, मांडीवर घेतली, तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरली आणि एक डोळा मिटून पहिल्या फ्रेटकडे बघत म्हणाले, "अहो, हिच्या खाचा कुणी नीट कोरलेल्याच नाहीत." पिशवीतून सुईएवढी कानस काढली आणि पंधरा मिनिटं ते घासत बसले. तारा पुन्हा चढवल्या. माझ्या हातून एफ वाजला. फार सुंदर नाही, पण सहाही तारा बोलल्या.

खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिला नट म्हणतात. माझ्या गिटारीच्या नटवर तारा जरुरीपेक्षा वर राहिल्या होत्या, म्हणून पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर दाबताना दुप्पट जोर लागत होता. आणि नवशिक्याचं सगळं आयुष्य त्या पहिल्या तीन फ्रेटांवरच जातं. पुढे तारा फ्रेटांपासून किती उंच धावतात, याला वाजवणारे 'ॲक्शन' म्हणतात. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत मोजायचं. जाड तारेखाली साधारण २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीड, एवढं असलं की हात सुखाने फिरतो. माझ्या गिटारीत जाड तारेखाली साडेतीन भरले होते. त्या दीड मिलिमीटरपायी मी तीन वर्षं गिटारीला हात लावला नव्हता.

तेव्हापासून कुणी स्वस्तातली गिटार घ्यायला मला बरोबर नेलं, तर मी कंपनीचं नाव शेवटी विचारतो.

दुकानात गेलं की पहिली गोष्ट कानावर पडते ती लाकडाची. ही महोगनी, ही बासवूड, ही पॉप्लर. तंबोऱ्याच्या बाबतीत हे बोलणं शोभतं. मिरजेचा कारागीर भोपळा निवडताना जो चोखंदळपणा करतो त्याला अर्थ आहे, कारण तिथे आवाज भोपळ्याच्या पोकळीत भरतो आणि तिथूनच आपल्या कानावर येतो. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींना पोकळीच नसते. तारांखाली पिकअप नावाची डबी बसवलेली असते. तिच्यात चुंबक, आणि चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं तत्त्व, त्यावर आपल्या धरणांतली जनित्रं चालतात आणि रॉक संगीतही. ही वीज वायरीतून ॲम्प्लिफायरकडे जाते आणि मोठी होते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाजारात आलेल्या पहिल्या यशस्वी इलेक्ट्रिक गिटारीचं अंग चक्क ओतीव ॲल्युमिनियमचं होतं. तिचा आकार बघून लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन' म्हणायला सुरुवात केली.

लाकडाने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही, त्यावर वाजवणाऱ्यांची भांडणं अजून चालू आहेत. पण २०-२५ हजारांच्या खरेदीत लाकडावर वाद घालणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पत्रावळीच्या पानाची जात विचारण्यासारखं आहे.

ज्याला पटत नसेल त्याने क्वीन या ब्रिटिश बँडच्या ब्रायन मेची गिटार आठवावी. याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड काढला, म्हणून आपल्याकडे क्वीनबद्दल थोडी घरची आपुलकी असते. ब्रायन मेला शाळकरी वयात चांगली विकतची गिटार परवडत नव्हती. १९६३ मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार करायला घेतली, दोन वर्षं ती चालली. दांडी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. त्या लाकडाला किड्यांनी पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली होती. स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. तार हलवायच्या दांड्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई. पुढे जगभरातली मैदानं त्याने याच गिटारीवर गाजवली. पण या गोष्टीतला एक तपशील लोक सांगायचा विसरतात: पिकअपही त्याने आधी घरीच गुंडाळले होते, ते मनासारखे झाले नाहीत, तेव्हा पैसे घालून विकतचे बसवले. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे त्या पोराला कळलं होतं.

आज स्वस्त गिटार बऱ्यापैकी निघते याचं श्रेय मात्र एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला द्यायला हवं. लिओ फेंडर कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे असेल कदाचित, पण वाद्याकडे तो यंत्र म्हणून बघू शकला. तोवरच्या चांगल्या गिटारी पोकळ, वळणदार, दांडी सरसाने चिकटवलेल्या, म्हणजे एकेका कारागिराच्या हातच्या. फेंडरने १९५० मध्ये आणलेल्या गिटारीचं अंग म्हणजे कापलेली सपाट फळी, आणि दांडी तिला चार स्क्रूंनी आवळलेली. दांडी खराब झाली तर काढा, दुसरी लावा. तीच पुढच्या वर्षी टेलिकास्टर झाली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली आणि तिचा दोन शिंगांचा आकार आज कुठल्याही दुकानाच्या भिंतीवर निम्म्या गिटारींना असतो.

फळी आणि स्क्रू म्हटल्यावर नक्कल सोपी. १९७०च्या दशकात जपानी कारखान्यांनी इतक्या चांगल्या नकला काढल्या की १९८२ मध्ये फेंडरनेच जपानात भागीदारी केली आणि 'स्क्वायर' या नावाने स्वतःच्या स्वस्त आवृत्त्या तिथे करवून घेतल्या. पुढे हे काम कोरियात गेलं, मग इंडोनेशिया आणि चीनमध्ये. आज कोर्ट ही कोरियन कंपनी स्वतःच्या नावाने गिटारी विकते आणि दुसऱ्या नामांकित कंपन्यांसाठीही करून देते. स्क्वायर, यामाहाची पॅसिफिका, आयबानेझची जिओ, एपिफोन, कोर्ट, यांच्या तळच्या पायरीवरच्या गिटारींत दर्जाचा फरक आहे, पण भिंतीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्यांवरून वाटतो तेवढा नाही.

यंत्राने काय सुधारलं आणि काय सुधारलं नाही, हे इथे समजून घ्यावं. गिटारीतले फ्रेट गणिताने बसतात. फेंडर पद्धतीच्या गिटारीत नटपासून घोडीपर्यंत, म्हणजे तारा दुसऱ्या टोकाला जिच्यावर टेकतात तिथपर्यंत, तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट नटपासून किती अंतरावर ते मिळतं, ३६.४ मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा. असं करत बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ वर येतो आणि तिथे सूर वरच्या सप्तकात जातो. हे काम संगणकावर चालणारं यंत्र चूक न करता करतं, गिटार १५ हजारांची असो की दीड लाखाची. पूर्वी स्वस्त गिटारीचे फ्रेटच चुकीच्या जागी असायचे, त्या वाद्याला काही इलाज नव्हता. तो आजार आता जवळपास गेला. राहिलं ते हाताचं काम: नटच्या खाचा कोरणं, फ्रेटांची टोकं घासून गोल करणं, सगळे फ्रेट एका पातळीत आणणं. हाताच्या कामाला मजुरी पडते, म्हणून स्वस्त गिटारीत नेमकं तेच अर्धवट राहतं. म्हणजे दुकानात डोळे आणि बोटं लावायची ती या तीन जागी.

गेल्या वर्षी भाच्याला घेऊन असाच गेलो होतो. दहावीची परीक्षा संपलेली, आईने, म्हणजे माझ्या ताईने, सगळं मिळून २५ हजारांची मर्यादा घातलेली. दुकानात शिरल्याबरोबर चिरंजीवांनी भिंतीवरची एक काळी, टोकदार शिंगांची गिटार हेरली.

"मामा, ही!"

तिच्या घोडीला स्प्रिंगांवर तरंगणारी, तारा कुलूपबंद करणारी व्यवस्था होती. मी नाही म्हटलं. ती व्यवस्था तयार हातात कमाल करते, पण तीत एक तार सुरात लावली की स्प्रिंगांचा ताण बदलतो आणि बाकीच्या पाच उतरतात. नवशिक्याचा अर्धा तास सूर लावण्यातच जातो, आणि एखादी तार तुटली की त्या दिवसाचा रियाज संपला. पहिल्या गिटारीला घोडी पक्की असावी. स्ट्रॅटोकास्टरसारखी हलती असेल तर मागचं झाकण उघडून पाचही स्प्रिंगा लावायच्या आणि घोडी लाकडावर टेकवून टाकायची.

त्याने तोंड पाडलं. मग मी त्याला तीन गिटारी मांडीवर घ्यायला सांगितल्या, ॲम्पला न जोडता.

"वाजवू?"

"वाजवू नको. दांडीच्या कडेवरून तळवा फिरव."

पहिलीच्या कडेला फ्रेटांची टोकं तळव्याला खरवडत होती, खवणीवर हात फिरवल्यासारखी. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि धातूच्या पट्ट्या बाहेर डोकावतात. हे घासून काढता येतं, पण त्या दुकानात ते काम करणारा नव्हता, म्हणून ती बाजूला. दुसरीच्या पहिल्या तारेवर मी त्याला एकेक फ्रेट दाबत शेवटपर्यंत जायला सांगितलं. अकराव्यावर सूर अचानक झर्रकन खरखरला, बाराव्यावर पुन्हा स्वच्छ. म्हणजे बारावा फ्रेट इतरांपेक्षा वर आलेला. तीही गेली. तिसरीवर प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट नीट बोलला. मग तारेवर तिसऱ्या फ्रेटशी बोट दाबून पहिल्या फ्रेटवर पाहिलं: तार आणि फ्रेट यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट. काकांची परीक्षा. नट ठीक. खिशातल्या छोट्या पट्टीने बाराव्यावर मोजलं, जाड तारेखाली अडीच मिलिमीटर. घोडीवरच्या बारीक स्क्रूंनी एवढं खाली आणता येतं.

दुकानदार शांतपणे बघत होते. "काका, तुम्ही टीचर आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, पोळलेला आहे," मी म्हणालो.

मग जोडली. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडलं की एक घंटेसारखा सूर निघतो. तो आणि तिथेच दाबून काढलेला सूर एक यायला हवा. दाबल्यावर तार किंचित ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून घोडीवर तारेची लांबी केसभर वाढवून ती चूक भरून काढतात. एक-दोन तारांत फरक असेल तर स्क्रू फिरवून जातो. आवाजाची बटणं फिरवताना खरखर होते का, वायर हलवल्यावर आवाज जातो का, हेही पाहिलं. पॉलिश पाहिलं नाही. रंग त्याने निवडला, लाल. मुलांना रंगात मान द्यावा, आवडत्या रंगाची गिटार भिंतीवरून जास्त वेळा खाली येते.

पिकअपच्या बाबतीत माझं मत असं की घोडीपाशी एक जोडवेढ्याचा आणि पुढे दोन साधे, ही मांडणी नवशिक्याला सगळ्यात कामाची. साध्या पिकअपचा आवाज खणखणीत, पण त्यात भोवतालच्या विजेची घरघर घुसते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने १९५५ मध्ये दोन वेढे शेजारी ठेवून, एकाची दिशा आणि चुंबक दोन्ही उलटे करून, त्यावर उपाय काढला. तारेचा आवाज दोन्हींत मिळून दुप्पट होतो, बाहेरची घरघर एकमेकींना खाऊन टाकते. घरघर खाणारा म्हणून त्याचं नाव हंबकर. जुनी हिंदी गाणी, ब्लूज, मेटल, मुलाची आवड सहा महिन्यांत कुठे वळेल सांगता येत नाही, दोन्ही जातीचे पिकअप असलेले बरे.

या घरघरीवरून एक महत्त्वाची गोष्ट. गिटारीच्या तारा घोडीमार्फत ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी विजेने जोडलेल्या असतात. तारांना हात लावला की घरघर कमी होते ती त्यामुळेच. पण घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंग नुसतं नावाला असेल आणि ॲम्पमध्ये बिघाड झाला, तर तोच रस्ता करंट तुमच्या बोटांपर्यंत आणतो. जुन्या इमारतींत हे सर्रास आढळतं. गिटार आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये ॲम्प खुपसणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना वाद्य विकूच नये.

पैशांची वाटणी अशी झाली: १६ हजारांच्या आत गिटार, साडेसहा हजारांच्या आसपास १० वॉटचा ॲम्प, उरलेल्यात वायर, पट्टा, तारांचे दोन संच, ट्यूनर आणि तंत्रज्ञाकडून एकदा नीट करून घ्यायचे पैसे, ज्याला सगळे सेटअप म्हणतात. ताईला ॲम्पचा खर्च डोळ्यांत खुपला. "फोनवर नाही का होत ते?" होतं, फोन किंवा लॅपटॉपला जोडायचं छोटं उपकरण मिळतं, आणि फ्लॅटमध्ये रात्री हेडफोनवर वाजवायला ते उत्तमच. पण खोलीत हवा हलवणारा आवाज मुलाला एकदा तरी ऐकू यावा असं मला वाटलं. १० वॉट शयनगृहाला पुरेसे, शेजाऱ्यांनाही.

"आधी साध्या गिटारीवर हात बसव, मग इलेक्ट्रिक घे," हा सल्ला तिला दोघातिघांनी दिला होता. कुठून आला कोण जाणे. साध्या गिटारीवर सहसा ०.०१२ इंचापासून सुरू होणाऱ्या तारा असतात, इलेक्ट्रिकवर ०.००९ पासून. बारीक तार, कमी ताण, नाजूक बोटांना उलट हीच सोपी. ज्याला जे वाजवायचं आहे त्याने ते घ्यावं.

जुनी गिटार घेण्याचा मार्गही आहे आणि पैशाच्या हिशेबात तो सरस. हौस मावळलेल्यांच्या गिटारी निम्म्या किमतीत मिळतात. फक्त पहिल्या तीन फ्रेटांवर तारांनी पडलेले खड्डे बघावेत, आणि दांडीच्या आतल्या पोलादी सळईचा स्क्रू फिरतो का ते विचारावं. त्याचं डोकं झिजलेलं असेल तर स्वस्त पडणार नाही. दांडी वाकली तर सरळ करायला ती सळई हाच उपाय.

जुलैत भाच्याचा फोन आला. "मामा, गिटार बिघडली. एफ पुन्हा वाजेना."

पावसाने आठवडाभर झोड उठवली होती. व्हिडिओ कॉल लावला, त्याला पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून धरायला लावलं, आणि सातव्यापाशी ताईला व्हिजिटिंग कार्ड सरकवायला सांगितलं. कार्ड आरपार गेलं आणि वर आणखी दोन राहतील एवढी जागा उरली. दमट हवेने दांडी पुढे झुकली होती. गिटारीबरोबर आलेली एल आकाराची किल्ली त्याने ड्रॉवरमधून शोधून काढली, खुंट्यांजवळच्या भोकात घातली.

"किती फिरवू?"

"घड्याळाच्या दिशेने पाव. पाव म्हणजे पावच. आणि मग उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

"उद्या सकाळपर्यंत?"

"लाकूड आहे ते. त्याला वेळ लागतो."